सहा जणींचं छान

सुनेने सगळ्या जगाला विचारलं. हौदावर कपडे धुणाऱ्या चौघींना विचारलं, इस्त्रीच्या टेबलावरच्या दोघींना विचारलं, सकाळी दूध घालायला येणाऱ्या गड्याच्या हातातसुद्धा फोन देऊन "बघा ना काका, कळतंय का?" म्हणून विचारलं. विचारलं नाही ते फक्त घरातल्या थोरल्या बाईंना. जिच्या लाँड्रीसाठी हे सगळं चाललं होतं, जिच्या हातून चाळीस वर्षांत एक रुमाल इकडचा तिकडे झाला नव्हता, तिला सोडून साऱ्या गावाला विचारून झालं. कानामागून आली आणि तिखट झाली, ती हीच.

बाई दुसरीपर्यंत शिकलेल्या. दुसरीसुद्धा अर्धीच. पण त्यांना लिहिता येत नव्हतं म्हणून लाँड्रीचं काही अडलं नाही. अडतं म्हणणाऱ्याला त्या दोऱ्याची पेटी उघडून दाखवत. प्रत्येक गल्लीच्या कपड्याला आतल्या बाजूने त्या गल्लीचा रंग. मग फुल्या आणि काड्या. फुली म्हणजे पाच, काडी म्हणजे एक. लाल दोऱ्याची एक फुली आणि दोन काड्या दिसल्या की लाल गल्ली, सातवं गिऱ्हाईक. टाके सगळे बाईंच्या हातचे. सुई दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची नाही, हा नियम. "शाई धुतली जाते, कागद भिजतो, माणूस विसरतं. टाका कुठे जातो?" असं त्या म्हणायच्या, आणि म्हणून झाल्यावर समोरच्याकडे असं बघायच्या की समोरचा मान हलवायचाच.

सून ऑफिसात मोबाइलची ॲप्स बनवायची. सहा महिन्यांपूर्वी नोकरी सोडून घरी बसली, म्हणे स्वतःचं ॲप करणार, लाँड्रीसाठी. कपडा दुकानात आला की त्यावर नंबराची चिठ्ठी चिकटवायची, तो नंबर फोनमध्ये घालायचा. मग कपडा भिजला की बटण, धुतला की बटण, वाळला की बटण, इस्त्री झाली की बटण. ज्याचा कपडा त्याला घरबसल्या फोनवर दिसणार, आपला सदरा सध्या कुठे आहे.

"सदरा कुठे असणार? हौदात," बाई म्हणाल्या होत्या. तेवढंच. त्यानंतर सुनेने त्यांच्यासमोर फोन काढणं बंद केलं.

आता गंमत बाजूला राहिली होती. मागच्या रस्त्यावरच्या नर्सेसच्या वसतिगृहाचं काम येऊ घातलं होतं. चार मजले, साठ खोल्या, साठ नर्सेस, रोजचे युनिफॉर्म. वॉर्डनबाईंची अट एकच: आपले कपडे तयार आहेत की नाहीत हे मुलींना फोनवर दिसलं पाहिजे, वारंवार विचारायला त्यांना वेळ नाही. आठ दिवस बघू, जमलं तर वर्षाचं काम तुमचं, नाही तर समोर काचेच्या दाराचं नवं दुकान आहेच, तिथे मोठी मशिनं आहेत आणि त्यांचं ॲपही आहे. सुनेच्या जुन्या ऑफिसने तिची खुर्ची महिनाअखेरपर्यंत रिकामी ठेवली होती. वसतिगृह गेलं तर एक तारखेला आपण परत कामावर, असं ती नवऱ्याजवळ बोलली होती. भिंती पातळ होत्या. बाईंनी ऐकलं होतं.

आठ दिवसांची परीक्षा सुरू व्हायला एक आठवडा उरला, तेव्हा सुनेने घरच्या घरी रंगीत तालीम घेतली. चाळीस चादरी. बाई दोऱ्याची पेटी मांडीवर घेऊन दारात बसल्या आणि बघत राहिल्या.

हौदावरची ठेंगणी ओल्या हाताने फोन दाबत होती. फोन ढिम्म. हात लुगड्याला पुसला, दाबलं. ढिम्म. तीस वर्षं सोड्यात बुडालेली बोटं, त्यांची कातडी गुळगुळीत झालेली. फोनला ती बोटं माणसाची वाटेनात. तिने कोपराने दाबलं. मग इकडेतिकडे बघून नाकाने दाबलं. नाकाने मात्र लागलं, पण दोन बटणं एकदम लागली, आणि जी चादर अजून हौदात होती तिची फोनमध्ये इस्त्री झाली. तोवर गरम पाण्यात निम्म्या चिठ्ठ्या सुटून हौदाच्या भिंतीला चिकटल्या होत्या. दुपारपर्यंत फोनमध्ये चाळीस चादरी होत्या आणि दोरीवर चाळीस चादरी होत्या, पण यांचा त्यांच्याशी काही संबंध उरला नव्हता.

सून मागच्या पायरीवर बसली. "महिनाभर वापरताय तुम्ही सगळ्या," ती ठेंगणीला म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, त्याहून वाईट काहीतरी होतं. "मी रोज विचारत होते, मावशी. रोज. तुम्ही म्हणालात, छान आहे."

"छानच आहे की ताई," ठेंगणी म्हणाली.

"अहो, नाकाने दाबताय!"

"ते आमच्या बोटांचं काय ते असेल. ॲप छान आहे."

बाईंना हसू आवरेना. "अगं वेडे," त्या दारातून म्हणाल्या, "मालकिणीच्या सुनेला तुझं चुकलं म्हणून कोण सांगणार? यांना उद्या कामाला यायचंय. तू विचारलंस, त्यांनी तोंडदेखलं छान म्हटलं. सहा जणींचं छान गोळा करून तू महिना घालवलास. जिला छान म्हणता येत नाही तिला नाही विचारलंस."

 सून उठली, आत जाऊन वही घेऊन आली आणि बाईंच्या समोर जमिनीवर बसली.

"आई, तुम्हाला विचारायला मी घाबरत होते. तुम्ही एका वाक्यात सगळं मोडीत काढाल असं वाटायचं."

"मग? मोडलेलंच आहे आता. आता कसली भीती?"

"सांगा मग. काय काय चुकलंय?"

बाईंनी पेटी बाजूला ठेवली. असा प्रश्न त्यांना त्या घरात कुणी विचारला नव्हता. उत्तर मात्र चाळीस वर्षं तयार होतं. दुपारची उन्हं भिंतीवर चढेपर्यंत त्या बोलत होत्या आणि सून लिहीत होती. एकूण एक्केचाळीस चुका निघाल्या. अक्षरं मुंगीएवढी. उघडायला इतका वेळ की तोवर पाणी गार होतं. ठेंगणीच्या जुन्या फोनात ते मावतच नाही, मावावं म्हणून तिने नातवाचे फोटो पुसले आणि सुनेला सांगितलं नाही. बटण दाबलं की एक पिवळं हसरं तोंड येतं, ते कशासाठी? "काम झालं की आमच्यात कुणी दात काढत नाही."

"आणि मला एक सांग, हौदावर फोन कशाला?"

"कपडा धुतला की नोंद करायला."

"कुणाला हवी ती नोंद? रात्रपाळी करून आलेल्या पोरीला तिचा कपडा भिजतोय की पिळतोय याच्याशी काय करायचंय? तिला एवढंच हवंय, तयार आहे का नाही. तू आपली कपड्याच्या मागे फोन घेऊन पळतेस. कपडा कुठे पळून जाणार आहे? शेवटी इस्त्रीच्या टेबलावर येतोच की. तिथे हात कोरडे असतात. तिथेच बस फोन घेऊन."

सुनेची पेन्सिल थांबली. "म्हणजे दोनच बटणं. आला आणि तयार."

"आणि ती चिठ्ठी फेकून दे. टाका आहे ना?"

"टाका फोनला वाचता येणार नाही, आई."

"फोनला कशाला वाचायला लावतेस? इस्त्रीवालीला वाचता येतो. फोनला तिला विचारू दे ना. काय दिसतंय बाई, लाल का निळा? लाल. फुल्या किती? काड्या किती? झालं."

सुनेने वहीत एक चौकोन काढला, त्यात चार रंगांचे ठिपके, खाली फुल्या, खाली काड्या. मग ते चित्र ती असं बघत बसली, जणू दुसऱ्याच कुणी काढलंय. "तीन वेळा दाबलं की माणूस सापडला," ती हळूच म्हणाली. "एक अक्षर वाचायला नको. आई, हे तुम्ही आधीच बनवून ठेवलं होतं."

"चाळीस वर्षं झाली," बाई म्हणाल्या.

एकाच गोष्टीवर दोघींचं वाजलं. सुनेला नर्सेसच्या फोनवर तक्रारीचं बटण हवं होतं. बाई उखडल्या. "माझ्या दुकानात तक्रार? चाळीस वर्षांत कुणी केली नाही, आणि आता मीच बटण देऊ, या बायांनो, करा?" सून मात्र हटली नाही. म्हणाली, "आई, छान म्हणणारे मी महिनाभर ऐकलेत. आता बटण राहणार." बाईंनी तोंड फिरवलं. पण मनात कुठेतरी नोंद झाली, की ही पोर आपल्यापुढे पहिल्यांदाच हटली नाही.

सहा दिवस सून टेबलावरून उठली नाही. जेवण तिथेच, चहा तिथेच. ॲप इतकं लहान केलं की ठेंगणीच्या फोनात मावलं आणि नातवासाठीही जागा उरली. इंटरनेट गेलं तरी नोंद फोनात राहायची आणि आलं की आपोआप पुढे जायची. इकडे बाईंनी साठ नर्सेसच्या युनिफॉर्मवर टाके घातले. पहिला मजला लाल, दुसरा निळा, तिसरा हिरवा, चौथा काळा.

पहिले दोन दिवस लोण्यातून सुरी जावी तसे गेले. दोघींपैकी थोरली इस्त्रीवाली ठिपका दाबायची, फुल्या दाबायची, काड्या दाबायची, खोलीचा नंबर मोठा होऊन समोर यायचा. तिने तर सूर धरला होता: "लाल, एक फुली, तीन काड्या, जा बाई आपल्या घरी."

तिसऱ्या दिवशी तक्रारी आल्या. एक नाही, तीन. "माझ्या नावावर दुसरीचाच युनिफॉर्म आला." "माझा आखूड होता, हा लांब आहे." तिसरी नुसतीच रागावली होती.

"बघितलंस?" बाई कडाडल्या. "बटण दिलंस, आता भोग. ॲप चुकलं तुझं."

सुनेने वाद घातला नाही. तिन्ही युनिफॉर्म परत मागवले, फोन उघडला, आणि बराच वेळ दोन्हींकडे बघितलं. मग दोऱ्याच्या पेटीतून दोन रिळं घेऊन ती बाईंच्या समोर आली. खिडकीजवळ, भर दुपारच्या उजेडात.

"आई, यातलं निळं कुठलं?"

"हा काय पोरखेळ," म्हणत बाईंनी डावं उचललं.

इस्त्रीवालीचा हात थांबला. इस्त्री टेबलावर तशीच उभी, तिची वाफ तेवढी ऐकू येत होती.

"ते हिरवं आहे, आई," सून म्हणाली. "तिन्ही तक्रारी दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या आहेत. ॲप बरोबर आहे. दोरा चुकला."

बाईंनी इस्त्रीवालीकडे बघितलं. इस्त्रीवालीने टेबलाकडे बघितलं.

"तुला माहीत होतं?"

"दोन वर्षं झाली, बाई," ती अगदी बारीक आवाजात म्हणाली. "गडद दोरा तुम्हाला कळत नाही. पण कपडे ओळखीचे असायचे. कुणाचा सदरा, कुणाचा परकर, मला बघून कळायचं. मी गुपचूप बदलून ठेवायची. हे सगळे पांढरे, सारखे. इथे माझं काही चालेना."

"आणि मी विचारलं की काय म्हणायचीस?"

"छान म्हणायची," इस्त्रीवाली म्हणाली.

दिव्याखाली अंधार म्हणतात, तो बाईंनी इतकी वर्षं दुसऱ्यांच्याच दिव्याखाली बघितला होता.  त्या दोन्ही रिळं हातात घेऊन फिरवत राहिल्या. खरंच, सारखीच दिसत होती. चाळीस वर्षांत एक रुमाल इकडचा तिकडे झाला नाही, त्यातली शेवटची दोन वर्षं या इस्त्रीवालीने स्वतःच्या डोळ्यांवर ओढून आणली होती. आणि आज तोंडावर कुणी सांगितलं? सुनेने, जी दहा दिवसांपूर्वीपर्यंत समोर फोन काढायला घाबरत होती.

"सुई आण," बाई शेवटी म्हणाल्या.

"आई, तुम्ही आता बसा थोडा वेळ..."

"सुई आण म्हटलं ना. रंग कळत नाही मला, पण टाका बोटाला कळतो. हिरव्याच्या खाली एक आडवा टाका घालायचा. रिळं तू वेगळी काढून दे. आणि तुझ्या त्या ठिपक्याखाली पण आडवी रेघ काढ. माझ्यासारखे डोळे जगात एकटीचेच असतील होय?"

सुनेने तासाभरात रेघ काढली. टाके घालायला तिघी बसल्या: बाई, सून आणि इस्त्रीवाली. दुसऱ्याच्या हातात सुई न देण्याचा नियम त्या दुपारी मोडला, आणि मोडल्याचं कुणी बोललं नाही. तिन्ही नर्सेसना सुनेने फोन केला, चूक आमची, म्हणून सांगितलं. पुढचे पाच दिवस एकच तक्रार आली: चौथ्या मजल्यावर एक बटण तुटलं होतं. कपडा परत पोचायच्या आधी बाईंनी ते लावून दिलं.

आठव्या दिवशी वॉर्डनबाई स्वतः आल्या. म्हणाल्या, "चूक झाली तेव्हा तुम्ही मुलींना आपणहून फोन केलात. समोरचं दुकान फोनच उचलत नाही. उद्यापासून चादरीही पाठवते."

त्या गेल्या. ठेंगणी आणि बाकीच्या हौदावर कुजबुजू लागल्या. सून फोन हातात घेऊन उभी होती. जुन्या ऑफिसला आज संध्याकाळपर्यंत काय ते कळवायचं होतं. बाई पेटी आवरत होत्या, निळं एका कप्प्यात, हिरवं दुसऱ्यात, मध्ये पुठ्ठा.

"आई," सून म्हणाली, "आता तरी सांगा. कसं झालंय?"

बाईंनी पेटीचं झाकण लावलं.

"छान नाही. छान म्हणणाऱ्या माझ्याकडे सहा आहेत, सातवी मी होणार नाही. पण या घरात तोंडावर खरं बोलणारी मी एकटी होते, आता आपण दोघी झालो. त्या ऑफिसला फोन कर, म्हणावं खुर्ची दुसऱ्या कुणाला द्या, ही इथे बसलीय. आणि तो फोन झाला की वही घेऊन ये. एक्केचाळीसातल्या तीस गेल्या, अकरा अजून उरल्यात, आणि ते हसरं तोंड तू अजून काढलेलं नाहीस."