कागदावरचं पाऊल

सकाळी सव्वानऊला मावशीने मला पिशवीतून काढून शिवणकारखान्याच्या खिडकीत ठेवलं. शेजारी माझ्या जोडीदाराला, डाव्याला, ठेवलं. मग ती लंगडत बटणांच्या बाकावर जाऊन बसली. कापणीच्या टेबलापाशी तिची कात्री खुंटीला लटकत होती.

मित्रांनो, मी बुटात घालायचा एक आधार आहे, उजव्या पायाचा. जुना म्हणावं इतकं माझं वय नाही. पण खिडकीत ठेवलेल्या वस्तूला कोणी नवी म्हणत नाही. साच्यातून निघालो तेव्हा खाली टणक प्लास्टिक, वर फोम, त्यावर मऊ कापड असा माझा थाट होता. आतल्या कडेला उंचवटा आहे. तळव्याची खचलेली कमान तोलून धरायची, हे त्याचं काम. तो जागच्या जागी आला तर मी आधार. बोटभर मागे सरकला तर बुटातला खडा.

मावशी या कारखान्यातली कापणारी. लांब टेबलावर कापडाचे थर अंथरून, उभ्याने, दिवसभर कात्री चालवायची. तिच्या मापाची सगळीकडे वाहवा होती. तिचे तळवे सपाट झाले होते, संध्याकाळी पाय टम्म फुगायचे. नवऱ्याने आधार आणायचं ठरवलं, तेव्हा तिने खाटेवर बसून तपकिरी कागदावर पाऊल ठेवलं, कडेने पेन्सिल फिरवली आणि नमुना सफाईने कापून त्याच्या हाती दिला.

"घडी घालू नका हं, माप बिघडेल," ती म्हणाली.

काका, म्हणजे तिचा नवरा, तो घेऊन कारखान्यासमोरच्या बुटांच्या दुकानात गेले. दुकानदाराने कागद उलटसुलट करून पाहिला. "काका, काकूंनाच आणा. उभं करून बघू."

"अहो, ती कापणारी आहे. तिचं माप कधी चुकत नाही."

दुकानदाराने खांदे उडवले आणि कागदाला जुळणारी जोडी, म्हणजे आम्ही, पिशवीत टाकली. घरी काकांनी बुटातला जुना तळ न काढता आम्हाला वर बसवलं. टाच बुटातून वर आली.

पहिल्या दिवशी कौतुक फार झालं. कारखान्यातल्या पोरी वाकून बुटात डोकावल्या. पण माझा उंचवटा तिच्या कमानीखाली नव्हताच. तो टाचेपुढे रुतत होता. मला ते प्रत्येक पावलाला कळत होतं. सांगायला तोंड नव्हतं. तिला तोंड होतं, पण घरी काकांनी विचारलं की ती म्हणायची, "छान आहेत." नमुना तिचाच होता ना.

"नव्या वस्तूची सवय व्हावी लागते," ती पोरींना सांगायची.

एकीने विचारलं, "मावशी, गिऱ्हाइकाला ब्लाउज काखेत काचला तर त्यालाही हेच सांगता?"

मावशी हसली. आम्हाला मात्र काढलं नाही.

उजवीकडे मी जास्त रुतायचो, म्हणून हळूहळू ती सगळा भार डाव्या पायावर टाकू लागली. मग गुडघा कुरकुरला. एके दुपारी कळ आली, ती कलली आणि कात्री भरकटली. बाह्यांचा अख्खा थर तिरका गेला.

कारखाना सांभाळणाऱ्या मास्तरांनी आवाज चढवला नाही. "आजपासून बटणं लावा, मावशी."

"आणि टेबल?"

"सोमवारी मोठी मागणी कापायला घ्यायची आहे. उभ्या राहू शकलात तर टेबल तुमचं. नाहीतर दुसरं कोणी बघावं लागेल."

काल फिजिओथेरपिस्टकडे गेलो, आम्ही पिशवीतून. त्या बाईंनी मावशीला ओल्या पायाने फरशीवर उभं केलं. तळव्याचा ठसा भाकरीसारखा भरीव उमटला.

"माप बसून काढलं होतं? अंगाचा भार आला की पाऊल लांबतं, पसरतं. शिवाय तुमची बोटं आखूड आहेत, म्हणून कागदावर पाय लहान दिसला. टाचेपासून अंगठ्याच्या मुळापर्यंतचं अंतर बघायचं असतं. संध्याकाळी जा, कामाचेच बूट न्या, जुना तळ काढा, उभ्या राहा, चाला. टोचलं तर घेऊ नका. आणि आधार नीट बसले तरी आधी थोडा थोडा वेळच घाला."

मावशी ठशाकडे बघत राहिली. "आम्ही कुणाचं माप बसवून घेतो का कधी," ती स्वतःशीच बोलली.

"दुकानदार म्हणाला होता. मीच ऐकलं नाही," काका म्हणाले.

"तुम्ही माझं ऐकलंत."

मित्रांनो, आम्ही वाईट नाही. दुसऱ्या कुणाच्या पायाला कदाचित बरोबर बसलो असतो. तेवढं पायाला विचारून घ्या. आणि काही टोचलं तर कौतुकाखाली झाकू नका, त्याच दिवशी बोला.

आज शनिवार. कारखाना सुटल्यावर काका फाटकाशी आले. दोघं रस्ता ओलांडून दुकानात शिरली. खिडकीतून मला दुकानाचं उघडं दार दिसतं. मावशीला आत उभं केलेलं दिसलं, मग चालवलेलं, मग पुन्हा उभं केलेलं. आता दुकानदार दुसरा खोका उघडतो आहे. कात्री अजून खुंटीला आहे.