टोपलीची मूठ

मुलीच्या लग्नासाठी बाप काय काय करत नाही? कुणी घोडा आणतो, कुणी डीजे. पुण्याजवळच्या चिखलीच्या ज्योतीरामांनी स्कॉटलंडची तलवार करायला घेतली, तीही घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये.

त्याचं असं झालं. त्यांची एकुलती एक तनुजा नोकरीसाठी ग्लासगोला गेली आणि तिथल्याच कॅलम नावाच्या मुलाशी लग्न ठरवून मोकळी झाली. मुलगा काय करतो, तर दवाखान्यात नर्स. "नर्स?" एवढा एकच शब्द ज्योतीराम फोनवर बोलले. पुढे जावयाचा विषय निघाला की त्यांना नेमकं कसलं तरी काम आठवायचं. हो म्हणत नव्हते, नाही म्हणत नव्हते. शेवटी तनुजा रडकुंडीला आली.

"पप्पा, लग्न आपल्याकडेच, मोशीच्या कार्यालयात करू, सगळं आपल्या रीतीनं करू. पण तुम्ही मनापासून हो म्हटल्याशिवाय मी हळद लावून घेणार नाही. सांगून ठेवते."

पोरगी बापासारखीच हट्टी. नाही म्हणाली म्हणजे नाही.

ज्योतीरामांच्या घराण्यात लग्नात नवरदेवाच्या हातात तलवार देतात, टोकाला लिंबू खोचून. कॅलमला हातात त्याच्या आजोबांची तलवार हवी होती, पण ती विमानात घेऊन बसायचं म्हणजे नसती आफत. तनुजाने नुसते फोटो पाठवले आणि विचारलं, अशी तिकडे भाड्याने मिळेल का?

"भाड्यानं कशाला? मी करतो," ज्योतीराम म्हणाले. तलवारीला होकार मिळाला, जावयाला मिळायचा बाकी होता.

उभा जन्म त्यांनी भोसरीच्या एका कंपनीत टूलरूममध्ये काढलेला. बीडकडून आलेला हा माणूस लोखंडाशी जितकं बोलला, तितकं माणसांशी बोलला नसेल. पातं त्यांनी ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून काढलं. धार लावायची नव्हतीच, लग्नाची तलवार ती. खरी कसोटी मुठीची होती. या तलवारीच्या मुठीभोवती लोखंडी पट्ट्यांची टोपली असते, मूठ धरली की अख्खा पंजा तिच्या आत. एकेक पट्टी कापायची, तापवून लाकडी ठोकळ्यावर ठोकत वाकवायची आणि पितळेचं झाळण वितळवून शेजारणीला जोडायची. मधल्या पत्र्यांना नक्षीची भोकं होती. भोकांचा आकार बदामाचा.

"तलवारीला बदाम?" त्यांची बायको, सुमनताई, चहा घेऊन आली होती. "एवढा संसार केला, माझ्यासाठी कधी एक बदाम काढला न्हाई. आन् जावयासाठी रांगच लावलीय की!"

"फोटोत हायत म्हणून काढायलोय," ज्योतीराम गुरगुरले.

पण बदामाच्या आतली कडसुद्धा त्यांनी बारीक कानशीने अशी घासली की बोटाला कुठे खरखर लागू नये. मनात अढी असलेला माणूस इतकं गुळगुळीत काम करत नाही, हे सुमनताईंना दिसत होतं. त्या बोलल्या मात्र नाहीत. बोलल्या असत्या तर काम बंद पडलं असतं.

अडचण मापाची होती. फोटोवरून आकार कळला, माप कळेना. मग ज्योतीरामांनी देव्हाऱ्यामागची, दसऱ्याला पुजायची जुनी तलवार खाली काढली आणि तिच्या मुठीचं माप घेतलं. आपल्या तलवारीची मूठ पंजा आवळून धरते. हातात सैल खेळणारी तलवार उसनी वाटते, असं त्यांचे वडील सांगायचे. तेव्हा टोपलीही त्यांनी तशीच घट्ट केली. स्वतःचा हात घालून बघितला, चपखल बसला. सुमनताईंनी आतून लाल मखमलीचं अस्तर शिवून दिलं. शेवटच्या पट्टीची कड घासताना ज्योतीरामांचा तळहात चांगलाच कापला. त्यांनी चिमूटभर हळद दाबली, फडकं गुंडाळलं आणि पॉलिशला बसले.

हळदीच्या आदल्या दिवशी तनुजा कॅलमला घेऊन आली. एवढा उंच गडी दारात वाकला, आत येऊन पुन्हा वाकला आणि पायांना हात लावून म्हणाला, "नमस्कार, पप्पा." ज्योतीरामांनी मान हलवली. मग त्याला शेडमध्ये नेऊन सरळ तलवारच पुढे केली.

कॅलम बघतच राहिला. बदामांवरून त्याने बोट फिरवलं आणि घोगऱ्या आवाजात काहीतरी बोलला.

"आजोबांच्या तलवारीपेक्षा देखणी आहे म्हणतोय," तनुजा म्हणाली.

मग त्याने मुठीला हात घातला. बोटं गेली, पंजा अडला. त्याने रेटून बघितलं, हात काही आत जाईना. बाहेर काढला तेव्हा बोटांची पेरं लाल झाली होती. तो हसला आणि टोपली बाहेरून धरून म्हणाला, "चालेल, चालेल." नमस्कार सोडला तर बहुतेक तेवढंच मराठी शिकून आला होता.

ज्योतीरामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. साऱ्या जन्मात त्यांचं एक काम कंपनीने परत केलं नव्हतं.

"आण इकडं. उद्या हळदीच्या आत नीट करतो," ते म्हणाले आणि त्याला स्टुलावर बसवून मापासाठी त्याच्या आवळलेल्या मुठीभोवती मऊ तार गुंडाळू लागले. मोठा थोरला हात, पण सारखा धुऊन धुऊन कातडी सुकलेली. तार गुंडाळता गुंडाळता कॅलमचं लक्ष त्यांच्या फडक्याकडे गेलं. त्याने मूठ उघडली, ज्योतीरामांचा पंजा उलटा केला आणि फडकं सोडलं. जखम सुजली होती, आत लोखंडाचा कीस बसला होता.

"काय न्हाई, काय न्हाई," ज्योतीरामांनी हात ओढला.

कॅलमने हात धरून ठेवला नाही. आपला पंजा नुसता खाली आधाराला ठेवून तो थांबला. हळूहळू ज्योतीरामांचा हात त्यावर टेकला. मग त्याने उकळलेलं पाणी मागितलं, सामानातून कापूस आणि चिमटा काढला आणि एकेक कण वेचायला बसला. मधेच थांबून त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचा, मग पुढचा कण. आपण परके आहोत हे तो विसरूनच गेला होता.

ज्योतीराम त्याच्या वाकलेल्या डोक्याकडे बघत राहिले. हा रोज हेच करतो, त्यांच्या मनात आलं. कुणाचं कोण, तरी त्यांच्यापाशी असा बसतो. उद्या माझी तनू तिकडे परमुलखात आजारी पडली, तर हेच हात तिच्या उशाशी असतील. डोळे कधी भरून आले ते त्यांना कळलंच नाही.

कॅलमने घाबरून तनुजाला काहीतरी विचारलं.

"पप्पा, तो विचारतोय, फार दुखतंय का?"

"जखम न्हाई दुखायली," ज्योतीराम म्हणाले. "तू एवढी लांब चाललीस, ते दुखायलंय बाई. कवापासून दुखायलंय." त्यांनी दुसऱ्या हाताने डोळे पुसले. "पन हात चांगलाय पोराचा. सांग त्याला, माझी लेक दिली म्हनावं."

तनुजा बापाच्या खांद्याला बिलगली. कॅलम पट्टी बांधता बांधता तिच्याकडे बघत राहिला. तिने त्याला एवढंच सांगितलं, की पप्पा हो म्हणाले.