दोरीवरची जागा

मित्रांनो, मी एक जुना सुती कपडा आहे. हातभर लांब, वीतभर रुंद, कडेला बारीक लाल काठ. आज मला पाहून कोणाला खरे वाटणार नाही, पण एकेकाळी मी रामसिंग आजांचे धोतर होतो.

१९९४ साली जवळा बाजारच्या आठवडी बाजारात आजांनी मला घेतले. तांड्यावर त्यांच्या घरासमोर दोन बाभळींना बांधलेली दोरी होती. तिच्यावर मी रोज वाळायचो, उन्हात कडक व्हायचो. "रामसिंगचं धोतर दुरून दिसतं," असे लोक म्हणत.

चार वर्षांत मी विरलो. आजांची सून जिवनबाई हिने माझे तुकडे केले आणि आपल्या मुलीला, दिपाला दिले. दिपा सातवीत होती. तिला नुकतीच पाळी आली होती. आई एवढेच म्हणाली, "घडी करून वापर. धुतल्यावर कुणाच्या नजरंस पडू दिऊ नको."

त्या दिवसापासून माझे ऊन गेले. न्हाणीमागे पोत्याखाली मला पसरत. मी वाळायचोच नाही. पोत्याच्या विणीतून दोरी दिसायची. तिच्यावर आजांचे नवे धोतर फडफडायचे. मी पाहत राहायचो.

ओलसर कपड्याने दिपाला खाज सुटली, मांड्या सोलवटल्या. दर महिन्याला शाळा बुडू लागली. "असंच चाललं तर घरीच बस," जिवनबाई म्हणाली.

नर्सबाई तांड्यावर आल्या तेव्हा दिपाने विचारले, "बाई, मला काय रोग झाला?"

"रोग न्हाई गं. तू मोठी होऊन राहिलीस. पोटात गर्भाची पिशवी असती, तिचं अस्तर महिन्याला रक्तासंग बाहेर पडतं. सगळ्या बायांचं असंच. फक्त कपडा दिवसातून तीन-चारदा बदल, साबणानं धू अन् कडक उन्हात वाळव."

"उन्हात?" जिवनबाईने ओढणी तोंडाला लावली. "तिथं सासरे बसतेत!"

मी पोत्याखालीच राहिलो.

पुढच्याच महिन्यात एका दुपारी आजा पोते शोधत न्हाणीमागे आले. पोते उचलताच त्यांना लाल काठ दिसला. "आरं, हे तर माझं धोतर! कुजवून काहून राहिले?" त्यांनी मला झटकले, दोरीवर टाकले आणि समोरच खाटेवर बसले.

जिवनबाईने दारातून पाहिले. आमच्या तांड्यावर सून सासऱ्याशी थेट बोलत नाही. तिला सांगता येईना, पुढे जाऊन मला काढताही येईना. घुंगट ओढून ती तशीच उभी राहिली.

"काय गं, दाराला खांब कमी पडला व्हय?" जाता जाता शेजारच्या मंजुळाबाईने टोमणा मारला.

मी मात्र ऊन पीत होतो.

शाळा सुटून दिपा आली. जिवनबाई कुजबुजली, "जा, ते काढून आण. आजानं इचारलं तर पोतेरं हाय म्हण."

दिपा दोरीपाशी आली. तिने मला हात लावला. तुकडा झाल्यापासून मी पहिल्यांदाच पुरता वाळलो होतो. तिने हात मागे घेतला.

"आजा, हे माझं हाय. पाळीचं. उन्हात न्हाई वाळलं तर मला तकलीफ होती. शाळा बुडती."

आजांनी दोरीकडे पाहिले. मग उठले आणि आपले धोतर दोरीच्या सावलीतल्या टोकाला सारले.

"ह्या अंगाला ऊन उशिरापर्यंत राहतं," दाराकडे न बघता ते म्हणाले. "पोरीचे कपडे हितंच टाकत जा म्हणावं." आणि खाट उचलून ते घरामागे गेले.

दिपा दहावी झाली. पुढे सासरी गेली. मी आता तिच्या पेटीच्या तळाशी आहे. फार जुना झालो, म्हणून वापरात नाही. झाकण उघडले की उजेडाची एक रेघ आत येते आणि मला ती दोरी आठवते. मित्रांनो, माझे दिवस सरले. पण तुमच्याही घरी कुठे पोत्याखाली, गादीखाली माझा एखादा भाऊबंद ओला पडला असेल. त्याला उन्हात आणा. दोरीवर जागा नसेल, तर आपला कपडा थोडा बाजूला सारा.