जलकुंभीची चेष्टा

जलकुंभी या बँडचे तिन्ही अल्बम ऐकलेली माणसं भोपाळात शोधायला निघालात, तर ती सगळी एका ऑटोत मावतील. त्यातले तिघं तर बँडमधलेच. कांचन देऊस्कर की-बोर्ड वाजवायची, गाणी लिहायची आणि गायची. वसंत बास गिटार वाजवायचा आणि गिरीश ड्रम्स. साधी गिटार कुणीच वाजवत नव्हतं, त्यामुळे कुठेही गेलं तरी पहिला प्रश्न ठरलेला असायचा, गिटारवाला आला नाही का अजून?

मराठी मंडळानं त्यांना गणेशोत्सवात एकदाच बोलावलं. पहिलं गाणं अकरा मिनिटांचं होतं. ते संपल्यावर अध्यक्ष स्टेजवर आले आणि त्यांनी प्रेमानं विचारलं, "माइक तपासून झाले असतील तर करायचा का कार्यक्रम सुरू?" रॉक ऐकणारी कॉलेजची पोरं त्यांना म्हणायची, यार, हिंदीत गा ना. कांचन म्हणायची, नाही गाणार. मंडळाला ते मराठी वाटायचं नाही आणि पोरांना ते रॉक वाटायचं नाही. तरी या तिघांनी पाच वर्षांत तीन अल्बम काढले. याला हट्ट म्हणा, खाज म्हणा, काहीही म्हणा.

या गोष्टीला वीस वर्षं झाली. कांचन आता नववी-दहावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवते. वसंत मंडीदीपच्या एका कारखान्यात मेन्टेनन्स बघतो. गिरीश सरकारात इतका वर चढला की त्याला चार इमली या साहेबलोकांच्या वस्तीत बंगला मिळाला, दारात पाटी आणि मागे आंब्याची झाडं. आणि अशा वेळी पुण्याहून सत्यजित नावाचा एक तिशीतला माणूस उपटला आणि म्हणाला, मला जलकुंभीच्या तबकड्या काढायच्या आहेत.

विसरलेलं संगीत हुडकून त्याच्या काळ्या तबकड्या छापणारी त्याची छोटी कंपनी होती. शौकीन लोक त्या घेतात म्हणे. अट एकच, तिघांचाही होकार हवा. वसंतनं फोनवर दोन शब्दांत विषय संपवला, "कांचन सांगेल." म्हणून रविवारी दुपारी गिरीशच्या दिवाणखान्यात सत्यजितनं स्पीकर मांडले, गिरीशनं चहा मागवला आणि कांचन सोफ्याच्या काठावर अशी बसली, जशी तिची मुलं निकालाच्या दिवशी बाकावर बसतात.

"मी तुमच्या अल्बमची तुलना करणारा मोठा लेख लिहिलाय," सत्यजित म्हणाला. "तो तबकड्यांसोबत जाईल. आधी तुम्हाला वाजवून दाखवतो आणि काय लिहिलंय ते सांगतो. चालेल ना, कांचनताई?"

"चालेल की. वाजव."

त्यानं आधी 'भदभदा' लावला. तळं भरलं की भदभद्याच्या धरणाची दारं उघडतात आणि अख्खं भोपाळ गाड्या काढून ते पाहायला जातं. पहिल्या अल्बमचं नाव तिथून घेतलेलं. सत्यजितच्या मते हा सर्वांत ताजा, सर्वांत धसमुसळा अल्बम होता. शेवटच्या गाण्यातल्या की-बोर्डच्या लांबलचक एकट्या वादनावर तर त्यानं दीड पान खर्ची घातलं होतं. त्यात म्हणे एक शोध होता.

"शोध कसला डोंबलाचा," कांचन म्हणाली. "परत मूळ सुरावर यायचा रस्ता सापडत नव्हता मला. हे दोघं वाट बघत वाजवत राहिले."

गिरीश चहा सांडेपर्यंत हसला. सत्यजितनं मात्र लेखात काही खोडलं नाही. आपण शोधलेली थोरवी सोडणं टीकाकाराच्या जिवावर येतं.

मग त्यानं 'साडेसहा' लावला. भोपाळात बसथांब्यांना नंबर आहेत आणि त्यात एक साडेसहा नंबरही आहे. गिरीशनं त्यावरून साडेसहा मात्रांचा ठेका बांधला होता आणि तो अख्ख्या अल्बमभर एकदाही चुकला नव्हता. सत्यजितनं यालाच पहिला नंबर दिला होता. नेटका, घट्ट, एकही सूर वाया न घालवणारा, असं त्यानं लिहिलं होतं. गिरीशनं मान डोलावली आणि ती बराच वेळ डोलतच राहिली.

"नेटका आहे," कांचन म्हणाली, "पण भ्यालेला आहे. पहिल्याला लोक हसले, म्हणून दुसरा आम्ही शहाण्या बाळासारखा केला. प्रत्येक गाणं पाच मिनिटांच्या आत. ऐक ना, कुठे हात सुटलाय का आमचा? परीक्षा देऊन राहिलो आहोत आम्ही त्यात."

"इतकं वाईट नाहीये हं ते," गिरीश म्हणाला.

"वाईट कुठे म्हटलं? भ्यालेलं म्हटलं. आता तिसरा लाव."

सत्यजितनं स्पीकरचा आवाज उगाचच खालीवर केला. "तिसरा यात घेतलेला नाहीये, ताई. दोनच तबकड्या काढतोय आपण. तिसऱ्यावर लेखात एक परिच्छेद आहे."

तिसरा अल्बम म्हणजे कांचनचं काळीज होतं. मंडीदीपच्या एका गोदामात, सुटीच्या दिवशी, शेजारच्या शेडमधला कॉम्प्रेसर घरघरत असताना तो ध्वनिमुद्रित केला होता. ती घरघर थांबेना, म्हणून वसंतनं बासच तिच्या सुरात लावून घेतला. कॅसेटच्या एका बाजूला एकच गाणं, बावीस मिनिटांचं. आणि तो अल्बम कुणी विचारला नाही, तेव्हा कांचननं गाणी लिहिणं बंद केलं. रुसून नव्हे. लोकांनी ऐकलं आणि टाकलं, मग आपल्याजवळ याहून चांगलं काही नाही, हे तिनं सरळ मान्य केलं होतं.

"का नाही घेतला?" तिनं विचारलं.

"अहो, तो विनोदी आहे ना. म्हणजे गमतीचा प्रयोग म्हणून छान आहे, पण या दोघांच्या पंगतीत…"

"विनोदी?"

"नावच 'चेष्टा' आहे की. आणि पहिलीच ओळ, 'उभा जन्म आम्ही चेष्टा केली'. तेव्हा पुण्याच्या एका मासिकात आलंही होतं, की भोपाळच्या या तिघांनी स्वतःचीच खिल्ली उडवलीय. पुढे सगळ्यांनी तेच धरलं."

कांचननं कप खाली ठेवला. तिला काही कळेना. आणि मग एकदम सगळं कळलं.

देऊस्करांची तिसरी पिढी भोपाळात आहे. त्यांच्या घरी थट्टेला मजाक म्हणत आणि चेष्टा म्हणजे हिंदीत असते ती, जीव तोडून केलेली धडपड. कांचनचं गणित चुकलं की तिचे वडील पाटी पुसून म्हणायचे, "पुन्हा चेष्टा कर, बेटा." हा शब्द ऐकतच ती वाढली. पुण्यात एखादा बाप मुलीला असं म्हणाला असता, तर आजीनं त्यालाच फैलावर घेतलं असतं. जन्मभर आम्ही झटलो, असं तिनं लिहिलं होतं. जन्मभर आम्ही टवाळी केली, असं लोकांनी वाचलं.

म्हणजे कुणी ऐकलंच नव्हतं. ऐकून टाकलं नव्हतं, न ऐकताच हसून बाजूला ठेवलं होतं. कांचनला आधी हलकं वाटलं, इतकं हलकं की ती हसली. आणि मग तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वीस वर्षं! एका शब्दापायी तिनं वीस वर्षं स्वतःला नापास धरलं होतं.

गिरीशनं खाकरून घसा साफ केला. "मी तेव्हाच सांगितलं होतं."

त्यानं सांगितलं होतं, हे खरं होतं. गिरीशचे वडील साताऱ्याहून बदलीवर आलेले, घरात स्वच्छ मराठी. चेष्टा म्हणजे थट्टा, असं तो गोदामात म्हणाला होता, तेव्हा कांचन आणि वसंत त्याच्यावर तुटून पडले होते, लो, आले आमचे पंडितजी.

"हो, सांगितलं होतंस," कांचन म्हणाली. "आणि तरी मी तेच ठेवलं असतं."

सत्यजितचा चेहरा उतरला होता. माणूस वाईट नव्हता. "ताई, हे फार वाईट झालं. पण सुधारता येईल. आपण नाव 'प्रयत्न' करू. तेवढी एक ओळ तुम्ही पुन्हा गा. मागची घरघर हल्ली सहज काढता येते. आणि बावीस मिनिटांचं जरा छाटून दुसऱ्या तबकडीच्या शेवटी घालू."

"हे चांगलं आहे," गिरीश लगेच म्हणाला.

"प्रयत्न?" कांचन म्हणाली. "प्रयत्न तर माझ्या वर्गातली पोरं करतात. उत्तर येत नसलं की अर्ध्या नंबरासाठी दोन ओळी खरडतात, तो प्रयत्न. आम्ही चेष्टा केली होती. नाव बदलणार नाही, ओळ बदलणार नाही आणि त्या घरघरीला तर हातच लावायचा नाही. बास तिच्यावर उभा आहे."

"कांचन, जरा विचार कर," गिरीशचा आवाज ऑफिसातल्यासारखा झाला. "तू नाही म्हणालीस तर बाकीचे दोन्हीही जातील. ते वसंतचे आहेत, माझेही आहेत. 'साडेसहा' माझ्या नातवानं ऐकावा असं मला वाटतं. यात काय चुकलं माझं?"

काहीच चुकलं नव्हतं, आणि तेच जड जात होतं. तिच्या एका नकाराबरोबर या दोघांचंही सगळं मातीत जाणार होतं. पण होकार दिला असता, तर पुण्याच्या मासिकानं जे केलं, तेच तिनं आपल्या हातानं केलं असतं. ती सत्यजितकडे वळली.

"खरं सांग. तू हा पूर्ण ऐकला आहेस?"

सत्यजितनं कान खाजवला. "सुरुवात ऐकलीय. चार-पाच मिनिटं. विनोदी म्हटल्यावर पुढे…"

"मग आता बस. आणि तो फोन तिकडे ठेव."

गाणं सुरू झालं. आधी नुसता कॉम्प्रेसर, मग त्यातूनच हळूहळू वर येणारा बास, कुठे यंत्र संपलं आणि कुठे वसंत सुरू झाला ते समजू नये असा. मग कांचनचा तिशीतला आवाज, जरासा वर लागलेला, पण न डगमगता. उभा जन्म आम्ही चेष्टा केली. मध्यावर तिघंही तीन वेगळ्या ठेक्यांत शिरले आणि एकमेकांना सोडून लांब लांब जाऊ लागले. गिरीशचे ड्रम्स तिथे असे पेटले होते, की आजचा गिरीश स्वतःच पुढे सरकून, तोंड उघडं टाकून ऐकत होता. 'साडेसहा'मध्ये कधीही न चुकलेला माणूस इथे दोनदा चुकला होता आणि त्या चुकांवरूनच पुढे धावला होता. दाराशी गिरीशचा शिपाई कप न्यायला आला आणि तसाच उभा राहिला.

गाणं थांबलं. कॉम्प्रेसर तेवढा थोडा वेळ चालू राहिला, मग तोही बंद झाला.

"विनोदी नाहीये," सत्यजित म्हणाला.

"नाही."

"पण खरं सांगू का, ताई?"

"खरं नाही सांगितलंस तर पुन्हा लावीन."

"मला अजूनही 'साडेसहा'च जास्त आवडतो. हा मधे फार ताणलाय. आणि शेवटी तुम्ही तिघं एकत्र येता की नाही, तेच मला कळलं नाही."

गिरीशनं डोळे मिटून घेतले. आता ही उठून जाणार, असं त्याला वाटलं. पण कांचनचा चेहरा उजळला. तिच्या तिसऱ्या अल्बमबद्दल ऐकून बोललेला हा पहिला माणूस होता.

"हे लिही," ती म्हणाली. "अगदी असंच लिही, ताणलाय म्हणून. कुठे ताणलाय तेही लिही. विनोदी आहे हे तेवढं खोड."

"पण नाव तेच ठेवलं तर लोक पुन्हा हसतील हो."

"हसू देत ना. या वेळी ऐकून हसतील."

"आणि तीन तबकड्या आमच्या कंपनीला झेपणार नाहीत."

यावर बोलायला कांचननं तोंड उघडलं होतं, पण गिरीश आधी बोलला. त्याचा ऑफिसातला आवाज कुठल्या कुठे गेला होता. "तीन निघतील नाहीतर एकही नाही. माझंही उत्तर तेच. वसंतचं तर तुला माहीतच आहे."

सत्यजितनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. शेवटी त्यानं आपला लेख पुढे ओढला, विनोदी हा शब्द असलेला परिच्छेद उभा-आडवा खोडला आणि मान वर केली. "ठीक आहे. तीन. कमी प्रती काढू. पण मग एक तळटीप द्यावी लागेल. म्हणजे, भोपाळमध्ये चेष्टा या शब्दाचा अर्थ…"

"बिलकुल नाही," कांचन म्हणाली. "गाणं आमचं, शब्द आमचा. आमच्या अर्थाला कशाला तळटीप? द्यायचीच असेल तर तुमच्या अर्थाला दे. लिही, पुण्यात या शब्दाचा अर्थ थट्टा असा होतो."

सत्यजितनं तसं लिहून घेतलं.