तुरे अजून खोक्यातच

"पुरतं उमलू द्यायचं नाही गं, धाकटे. पोटात थोडं राखून आहे तोवरच खुडायचं. सगळं उघडं केलेलं फूल वाळता वाळता गळून जातं."

चाळीस वर्षांपूर्वी मागच्या गॅलरीत फुलांच्या जुड्या उलट्या टांगताना अक्का हे बोलली होती. धाकटी तेव्हा आठ वर्षांची, दोऱ्याचं रीळ धरून उभी. आई गेल्यावर अक्कानंच तिला वाढवलं, आणि वेणी घालायला शिकवावं तितक्या सहज फुलं वाळवायलाही शिकवलं. थंडी ओसरली की भिंतीवर गुलाबकळ्या चढायच्या. ऊन उतरणीला लागलं की कोंबडा, म्हणजे ती मखमली, तांबडी, तुऱ्यासारखी चुरलेली फुलं. आणि गारठा पडला की गवताचे पांढरे तुरे. त्या घरात ऋतू आधी भिंतीवर यायचा, मग दारात.

आता तर तो भिंतीवरच यायचा. पावणेदोन वर्षांपूर्वी अक्काचं खुब्याचं हाड मोडलं आणि तिनं अंथरूण धरलं. तिच्या खोलीची खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडते. पलंगासमोरच्या खिळ्यावर धाकटी जे टांगेल, तोच अक्काचा महिना.

"तुरे लागले की येतो," अक्काचा मुलगा परदेशातून फोनवर म्हणाला होता. आला की आईला घेऊनच जाणार होता तो. हे ऐकल्यापासून अक्का दिवस मोजत होती. धाकटीही मोजत होती, पण तिचं मोजणं कमरेत होतं. अक्का हाडापेरानं मोठी. सकाळी तिला उचलून खुर्चीत बसवायचं, दुपारी पुस्तकबांधणीच्या दुकानातून धावत येऊन खुर्चीतच सावरून नीट बसवायचं, संध्याकाळी परत पलंगावर. डॉक्टरांनी धाकटीच्या कमरेला पट्टा दिला आणि हे दोघांचं काम आहे म्हणून बजावलं. धाकटीनं मान डोलावली. दुसरं माणूस आणायचं कुठून, ते काही डॉक्टरांनी लिहून दिलं नाही.

मग एके दिवशी फोन दुकानात आला. धाकटी पुस्तकाच्या पुठ्ठ्याला कापड ओढत होती. भाच्याचा आवाज ऐकूनच तिचा हात थांबला. यंदा जमत नाही म्हणाला. पुढच्या वर्षाचंही सांगता येत नाही म्हणाला. घर लहान आहे, बायकोचं मन नाही, असं बरंच काही म्हणाला आणि शेवटी म्हणाला, "मावशी, तूच सांग तिला. तुझं ती ऐकते."

त्या संध्याकाळी धाकटी सांगायचं ठरवून खोलीत गेली. अक्का कोंबड्याकडे बघत पडली होती. रंग विटायला लागला की तुऱ्यांचे दिवस जवळ आले समजावं, असं म्हणाली. पलंगाखाली तुऱ्यांचं खोकं तयार होतं, ते धाकटीनं पायानं आणखी आत ढकललं.

तिथून तिचं खूळ सुरू झालं: कोंबडा भिंतीवर आहे तोवर तुऱ्यांचे दिवस आलेच नाहीत. गारठा वाढला तसं तिनं अक्काला दुसरं पांघरूण घातलं आणि यंदा थंडीला भारीच घाई झाली म्हणून सांगितलं. अक्का म्हणाली, थंडीला घाई आणि तुझ्या खिळ्याला आळस. कोंबडा झडायला लागला. धाकटी खाली पडलेला तांबडा भुगा वेचायची, अक्काचा डोळा लागला की फुलांवर खळीचा पातळ हात द्यायची आणि भुगा परत चिकटवायची. फाटलेली पानं सांधण्यात तिचा जन्म गेला होता. फुलाचं पान काय नि पुस्तकाचं काय.

दुकानात खळ शिजवताना ती मोरचूद घालायला कधी चुकली नव्हती. त्या विषानं झुरळं पुस्तकाला तोंड लावत नाहीत. पण मोरचुदानं लाल रंग हिरवट पडतो. म्हणून घरी तिनं नुसत्या मैद्याची खळ शिजवली.

दीड महिना निभावलं. मग एका सकाळी ती चहा घेऊन खोलीत आली, तर खिळ्यावर नुसत्या काड्या. जमिनीवर, चादरीवर तांबडी पूड. दोन झुरळं अजून देठाला चिकटून होती, पाहुणचार संपला तरी न उठणाऱ्या पाहुण्यांसारखी.

"तू जेवायला घातलंस, ती जेवली," अक्का म्हणाली. तळहातावर जमवलेली चिमूटभर पूड तिनं पुढे केली. "चिकटतेय बघ बोटांना. मी काय आंधळी आहे? खोक्यातले तुरे काढ आता. तो यायच्या वेळेला भिंत बोडकी बरी दिसत नाही."

धाकटीनं कप खाली ठेवला. वाकताना कमरेत कळ आली, तशीच वाकली. खोकं ओढलं, झाकण काढलं. पांढरेशुभ्र तुरे, वर्षभर जपलेले, एक काडी मोडलेली नाही. ते हातात घेऊन ती खिळ्यापाशी गेली आणि तिथंच उभी राहिली. हात वर जाईना.

"लाव ना गं."

"तो यायचा नाही, अक्का. यंदा नाही, पुढल्या वर्षीही नाही. दुकानात फोन आला होता."

अक्कानं पूड चादरीवर झटकली. धाकटी पदरानं डोळे पुसत होती. शेजारच्या इमारतीत कुणीतरी बादली भरत होतं, ती भरून वाहू लागली तरी नळ कुणी बंद केला नाही.

"मग रडतेस कशाला?" अक्का शेवटी म्हणाली. आवाज कोरडा होता. "मुलगा माझा. नाही येणार तर माझ्याकडे नाही येणार. तुझं काय गेलं त्यात?"

धाकटीनं तुरे पलंगावर ठेवले, अक्काच्या पायांपाशी. साडीवरून चाचपत तिनं कमरेचा पट्टा सोडला आणि तोही तुऱ्यांशेजारी ठेवला.

"मला आता तू उचलवत नाहीस गं, अक्का," ती म्हणाली.