अख्ख्या गाडीची जागा

टँकर रेल्वे फाटकाच्या अलीकडे पांढऱ्या पट्टीवर उभा होता आणि ड्रायव्हरचा जीव टांगणीला लागला होता. चार वाजता बायकोला ऑपरेशनसाठी आत नेणार होते. सकाळी तिने बजावलं होतं, "तुमचं तोंड बघितल्याशिवाय मी आत जायची नाही." आता साडेतीन वाजले होते. समोरच्या सिग्नलपासून हॉस्पिटल दोन गल्ल्यांवर, आणि मध्ये हे मेलं फाटक!

फाटक उघडं होतं हो, तीच तर गंमत. पण रुळांपलीकडे सिग्नलपर्यंत गाड्यांची रांग. टँकरवाल्यांचा नियम साधा: पलीकडे अख्खी गाडी मावेल एवढी जागा दिसल्याशिवाय चाक रुळावर चढवायचं नाही. सिग्नल सुटायचा, जेमतेम निम्मी जागा व्हायची, की बाजूने एखादी कार सुळकन घुसून ती खाऊन टाकायची. चौथ्यांदा असं झालं तेव्हा त्याने स्टिअरिंगवर बुक्कीच मारली.

टँकरच्या बरोबर मागे एक कारवाला अडकला होता. त्याने हॉर्नवरचा हात काढलाच नव्हता. शेवटी तो तरातरा उतरून खिडकीशी आला.

"झोप लागली का काका? दोन गाड्या मावतील एवढी जागा आहे पुढे!"

"तुमच्यासारख्या दोन मावतील. मी नाही मावत. माझं शेपूट रुळावर राहील."

"राहिलं थोडं तर काय आभाळ कोसळणार आहे?"

ड्रायव्हरला टँकर शिकवला तो त्याच्या मेव्हण्याने, आणि तो मेव्हणाच एकदा घाईत असं थोडंसं शेपूट रुळावर ठेवून थांबला होता. तो घरी परत आला नाही. तेव्हापासून बायको रोज संध्याकाळी, याच्या पायातली चप्पल निघायच्या आत, एकच विचारायची, "जागा बघून घातलीत ना?" कधी कधी त्याला त्या प्रश्नाचा वैताग यायचा.

पावणेचार. आज एक दिवस, एकच दिवस! त्याने गिअर टाकला, हँडब्रेक सोडला. टँकर हातभर सरकलासुद्धा. मग त्याने कचकन ब्रेक दाबला आणि स्वतःलाच एक शिवी हासडली. डोळ्यांत पाणी आलं होतं.

तेवढ्यात घंटा वाजली, फाटक खाली आलं आणि एक लांबलचक मालगाडी धाडधाड करत समोरून गेली. टँकरची काच थरथरली. कारवाला अजून खिडकीशीच होता, तोंड पांढरंफटक पडलेलं. फाटक वर जाताच तो धावत मध्ये गेला आणि दोन्ही हात पसरून बाजूच्या गाड्यांसमोर उभा राहिला. हॉर्नचा नुसता कल्ला उठला.

"थांबा म्हणतो ना! आधी काका जाणार!"

सिग्नल सुटला, जागा झाली. अख्खी. टँकर रूळ ओलांडून गेला.

सिग्नलजवळच्या डेपोत टँकर लावून ड्रायव्हर पळत सुटला. हॉस्पिटलात पोचला तेव्हा सव्वाचार झाले होते. ऑपरेशनच्या खोलीबाहेर गोंधळ चालला होता. बायको स्ट्रेचरवर आडवी, भिंतीला लावलेला कठडा एका हाताने गच्च धरलेला. नर्स विनवण्या करतेय, डॉक्टर घड्याळ बघताहेत, लेक रडकुंडीला आलेली. "आई, सोड ना गं!"

तो धापा टाकत समोर येऊन उभा राहिला.

"फाटक लागलं?" तिने विचारलं.

"हो."

"जागा बघून घातलीत ना?"

"अख्खी बघून."

तिने कठडा सोडला.

"चला डॉक्टर," ती म्हणाली, "घ्या आता आत."