सत्तर घोडे की एकशे दहा

आधीच सांगते, इंजिनातलं मला ओ की ठो कळत नाही. तरी गेल्या डिसेंबरात, २०१८ च्या, तीन आठवडे मी आणि आमचे हे अच्छाडच्या एका गॅरेजात प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून भांडत होतो, सत्तर घोड्यांचं इंजिन घ्यायचं की एकशे दहाचं. आम्ही सरावलीचे. हे पोस्टातून रिटायर झालेले, जन्मभर सायकल चालवलेली. आणि घ्यायला निघालो काय, तर घरगाडी! टेम्पोच्या पोटात पलंग, गॅस, बेसिन बसवलेली.

का, ते ऐका. आमची एकुलती एक शितल झरीच्या पुढे टेकाडावर दिली आहे. लग्नाला सहा वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी पोटातलं गेलं. आता पुन्हा पाचवा महिना लागला होता आणि डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, पलंगावरून उतरायचं नाही, गाडीत बसायचं नाही. म्हणजे माहेरी आणायची सोय नाही. तिला सासू नाही. जावई उमेशराव उंबरगावच्या कारखान्यात, सकाळी सहाला जातात ते रात्री आठला येतात. तिच्याजवळ मी राहायला हवी होते. इतकी साधी गोष्ट.

पण आमच्यात मुलीला मूल होईस्तोवर आईबापांनी तिच्या घरचं खायचं नाही. पाणीसुद्धा नाही. सहा वर्षं आम्ही तिच्याकडे डबा घेऊन जायचो, अंगणात बसून खायचो आणि उन्हं कलायच्या आत परत यायचो. मागच्या वेळी ते झालं तेव्हा माझ्या नणंदबाई, जिजाताई, सगळ्यांदेखत म्हणाल्या, "वहिनी, खरं सांग, तू तिथे काही तोंडात घातलं नव्हतंस ना?" नव्हतंच घातलं हो, शप्पथ! पण तेव्हापासून मनात जी पाल चुकचुकली ती चुकचुकतेच आहे. म्हणून यांनी डोकं लढवलं. आपलंच घर तिच्या अंगणात नेऊन उभं करायचं. गॅस आपला, छप्पर आपलं, पाणी आपलं. रीतही राहील आणि पोरही सांभाळता येईल.

गॅरेजवाला लाहू भला माणूस. ट्रकांची कामं करता करता त्याने अशा दोन जुन्या गाड्या सजवल्या होत्या. लहानी सत्तर घोड्यांची, मोठी एकशे दहाची.

"काका, वजन किती न्यायचं ते बोला, मग इंजिन सांगतो," लाहू म्हणाला.

"दोन माणसं," हे म्हणाले.

"मग सत्तरची बस झाली."

"आणि पाणी," मी म्हटलं. "तीनशे लिटर."

लाहू हसला. "काकी, तिकडे पाणी नाय का?"

"आहे की. दारातच बोरिंग आहे, गोड पाणी. पण ते मुलीच्या घरचं."

त्याने कान खाजवला आणि तीनशे किलो लिहिले. मग तांदूळ, डाळी, पीठ, पाटा-वरवंटा. पाट्याला तो थांबला. "मिक्सर न्या ना काकी, हलका पडेल."

"आणि वीज कोणाची?"

"खरंच की, वीजपण तिचीच," हे म्हणाले. झालं! जनरेटर आला, त्याचं डिझेल आलं. लहान गाडी कागदावरच बसली.

मग मोठी बघितली, तर लाहू म्हणतो, हिचं स्वतःचंच वजन जास्त, आणि चढावर नुसते घोडे कामाचे नाहीत, टॉर्क लागतो.

"आता हा टॉर्क कोण?"

"काकी, घोडे पळवतात, टॉर्क ओढतो."

"म्हणजे बैल?"

"हां, तसंच समजा."

"मग बैल किती आहेत ते सांग ना सरळ!"

शेजारच्या ढाब्यावरचे ट्रकवाले चहाचे ग्लास घेऊन सल्ला द्यायला यायचे. एक म्हणायचा मोठंच घ्या, दुसरा म्हणायचा मोठं डिझेल पितं, तिसरा म्हणायचा इंजिन सोडा, गिअर बघा. ज्याचं ऐकावं त्याचं खरं वाटायचं. लाहूला चालवायला बसवून आम्ही दोन्ही गाड्या झरीच्या चढावर नेऊन पाहिल्या. लहानी भरल्या ड्रमासकट अर्ध्यात धूर ओकत थांबली. मोठी दणक्यात चढली, पण शितलच्या गल्लीच्या तोंडाशीच अडकली; ती काढेस्तोवर उन्हं कलली, तसेच परतलो. मग लहानीतलं पाणी कमी करायचं ठरलं. मग धुणंभांडी कशाने करायची यावर आमचं वाजलं.

आणि रोज संध्याकाळी शितलचा फोन. "आई, कधी येतेस?"

"अगं, इंजिनाचं ठरलं की निघालेच." हे मी तीन आठवडे सांगत होते. आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

एका सकाळी तिच्या शेजारणीचा, पुतळीचा, फोन आला. शितल मोरीपाशी चक्कर येऊन पडली होती. तहान लागली होती, जवळ कोणी नव्हतं, म्हणून पाणी घ्यायला उठली.

दारासमोरच गावातल्या जिव्याची रिक्षा उभी होती. आम्ही होतो तशा कपड्यांत बसलो. ना डबा, ना बाटली. झरीचा चढ आला तसा मी पुढचा दांडा घट्ट धरला. रिक्षा मात्र गुरगुरत चढून गेलीसुद्धा.

"जिव्या, हिला घोडे किती रे?" यांनी विचारलं.

"काय म्हायती, काका. चढते."

 

पोचलो तर गावातल्या नर्सबाई निघतच होत्या. म्हणाल्या, "बाळाचे ठोके नीट आहेत. पण हिला एकटीला ठेवू नका." देवा! मी चपला काढून आत धावले. शितलचा चेहरा पांढरा पडला होता, ओठ सुकलेले. मला वाटलं आता ही रडेल, भांडेल, काहीतरी टाकून बोलेल. तर पोर खरंच काळजीने विचारते, "आई, ठरलं का गं इंजिन?"

मी तिला पाणी पाजलं, तोंड पुसलं. कालच्या भाकरीशिवाय तिच्या पोटात काही नव्हतं.

"भात टाकते. तांदूळ कुठे आहेत गं?"

"वरच्या फळीवर, निळ्या झाकणाचा डबा."

निळ्या झाकणाचे तीन डबे होते. पहिल्यात पोहे. दुसऱ्यात मीठ. तिसऱ्यात तांदूळ सापडले. सहा वर्षांत आपल्या पोरीच्या घरी तांदूळ कुठे असतात ते आईला माहीत नाही! मी दोन मुठी काढल्या.

"आई, तुझेपण टाक," शितल पलंगावरून म्हणाली. "मी एकटी नाही जेवणार."

माझा हात डब्यावरच थबकला. टाकले आणि काही झालं तर? जिजाताई काय म्हणतील ते सोडा, मी स्वतःला काय सांगू? आणि नाही टाकले तर ही उपाशी राहील, पोटातलं उपाशी राहील. देवाच्या दारी यातलं कुठलं पाप जास्त लागतं? आता सातवा महिना चालू आहे, सगळं ठीक आहे म्हणतात, तरी मी केलं ते बरोबर की चूक हे मला अजून कळत नाही. तेव्हा तर मी नुसती डब्यात बघत होते.

हे उंबऱ्यावर बसले होते, आमच्याकडे पाठ करून.

"तिघांचा टाक," म्हणाले.

"अहो, पण..."

"टाक म्हटलं ना. मला भूक लागलीये."

मी डब्यात पुन्हा हात घातला.